डाग आणि त्याच्या शेजारची त्वचा

(पडद्यावर : सावळा गाल, अगदी जवळून. गालाच्या हाडावर एक तपकिरी डाग.)

जेमतेम चार मिलिमीटरचा डाग. पण ज्याच्या गालावर तो असतो, त्याला आरशात चेहऱ्याच्या आधी तोच दिसतो. "लेसरने एकदाचा काढून टाका," हे वाक्य त्वचारोगतज्ज्ञ रोज ऐकतात. आणि समोरच्याचा वर्ण सावळा किंवा काळा असेल, तर चांगला डॉक्टर लगेच हो म्हणत नाही. त्या थांबण्यामागे काय आहे, ते बघू या.

(पडद्यावर : त्वचेचा उभा छेद, सूक्ष्मदर्शकाखाली.)

त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी मेलॅनोसाइट नावाच्या पेशी असतात. मेलॅनिन हा रंग त्या बनवतात. गोऱ्या आणि काळ्या माणसांत या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो रंगाच्या कणांत. गडद त्वचेत हे कण मोठे असतात, सुटे सुटे पसरलेले असतात आणि लवकर विरत नाहीत. पेशीच्या केंद्रकावर ते छत्रीसारखे जमतात आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून आतला डीएनए वाचवतात. हे मुद्दाम सांगते आहे, कारण डाग घालवणं आणि गोरं होणं यांची जाहिरातींमध्ये सर्रास गल्लत केली जाते. सावळेपणा हा आजार नाही. त्यावर उपचार करायचा नसतो.

(पडद्यावर : अंधाऱ्या खोलीत लेसरचा झोत.)

पहिला लेसर चालला १९६० साली, माणकाच्या स्फटिकातून. त्यानंतर काही वर्षांतच लिओन गोल्डमन या डॉक्टरांनी तो त्वचेवर वापरून पाहिला. पण डागाला भाजायचं आणि आजूबाजूला धक्का लावायचा नाही, हे कसं साधायचं, याचं नेमकं उत्तर १९८३ साली रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी मांडलं. ज्या रंगावर नेम धरायचा आहे, तोच रंग शोषून घेईल असा प्रकाश निवडायचा. आणि तो इतक्या कमी वेळासाठी सोडायचा, की कण तापून फुटेल, पण उष्णता शेजारी पसरायला सवडच मिळणार नाही. मेलॅनिनच्या कणासाठी हा वेळ नॅनोसेकंदांत मोजतात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात. आता पिकोसेकंद लेसरही आहेत. त्यांचा झटका याहूनही छोटा असतो.

गोऱ्या त्वचेवर हे गणित सरळ सुटतं : डाग गडद, बाकी सगळं फिकट. सावळ्या त्वचेत डागातही मेलॅनिन असतं आणि त्याच्या शेजारीही. लेसरला डाग दिसत नाही हो, त्याला फक्त मेलॅनिन कळतं.

म्हणून तरंगलांबीला, म्हणजे प्रकाशाच्या लाटेच्या लांबीला, इतकं महत्त्व. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश मेलॅनिन अधाशासारखं शोषतं, त्यामुळे गडद त्वचेवर त्याने वरचा थर पोळण्याचा धोका मोठा. १०६४ नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश मेलॅनिन कमी शोषतं आणि तो खोलवर जातो. एनडी-याग या लेसरचा हा प्रकाश गडद त्वचेसाठी त्यातल्या त्यात सुरक्षित मानतात. त्यातल्या त्यात, हे शब्द विसरू नका. आणि आयपीएल (इंटेन्स पल्स्ड लाइट, म्हणजे तीव्र प्रकाशाचे झटके) म्हणून जे यंत्र दाखवतात, तो लेसरच नव्हे. त्यातून एकाच वेळी अनेक तरंगलांबींचा प्रकाश येतो आणि काळ्या त्वचेवर त्याने भाजल्याची उदाहरणं आहेत.

(पडद्यावर : डॉक्टर भिंगातून डाग पाहत आहेत.)

पण यंत्राची निवड नंतरची. आधी डाग कोणता, ते ओळखायचं. उन्हाने आलेला ठिपका वेगळा, मुरूम बसल्यावर मागे राहिलेला डाग वेगळा. ओटाचा नेव्हस नावाचा निळसर करडा डाग त्वचेत खोलवर असतो. तरीही नेमका तोच १०६४ च्या लेसरला अनेक बैठकांमध्ये छान दाद देतो.

आणि वांग?

वांगाच्या बाबतीत माणसं सगळ्यात जास्त फसतात, म्हणून इथे जरा थांबते. दोन्ही गालांवर, कपाळावर, ओठाच्या वर पसरणारी ती तपकिरी छटा. गरोदरपण, संप्रेरकं, ऊन, आनुवंशिकता, सगळ्याचा त्यात हात असतो. तिथल्या मेलॅनोसाइट पेशी आधीच चिडलेल्या असतात. लेसरने साठलेला रंग फुटतो, पण रंग बनवणारी पेशी तशीच राहते आणि उष्णतेने आणखी चवताळते. कमी शक्तीचा झोत वारंवार मारण्याला 'लेसर टोनिंग' म्हणतात. सुरुवातीला चेहरा उजळतो, रुग्ण खूश होतो. बैठका थांबल्या की वांग पुन्हा येतं, कधी आधीपेक्षा गडद. बैठका फार झाल्या, तर बारीक पांढरे ठिपके उमटतात. काळ्या डागापेक्षा ते घालवणं कितीतरी अवघड. म्हणून वांगाला आधी सनस्क्रीन, मग लावायची औषधं. काहींना ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या देतात, पण ज्यांना रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झालेला आहे त्यांना नाही. लेसर आलाच तर अगदी शेवटी, तोही जपून. स्टेरॉइड असलेली 'उजळवणारी' मलमं मनाने लावणं तर नकोच. त्यांनी त्वचा पातळ होते आणि मूळ डागाला आणखी दुखणी चिकटतात.

(पडद्यावर : खुर्चीत एक बाई. डोळ्यांवर संरक्षक कवच. डॉक्टर कानाजवळ, जबड्याच्या कडेला असलेला एक छोटा ठिपका पेनाने नोंदवतात.)

हिच्या गालांवर उन्हाचे ठिपके आहेत, वांग नाही. तरीही आज गालाला हात लावायचा नाही. आज फक्त चाचणी, चटकन नजरेत न येणाऱ्या या एका ठिपक्यावर.

टक्.

ठिपका क्षणात पांढुरका झाला. कणांभोवती वायूचे बुडबुडे उठल्याची ती खूण. काही मिनिटांत ओसरेल. डॉक्टर बोट लावून बघतात, गरम लागतंय का, सूज येतेय का. पुस्तकात लिहिलेली लाली इथे शोधून उपयोग नाही. काळ्या त्वचेवर दाह लाल दिसतोच असं नाही, तो जांभळट दिसतो, करडा दिसतो, कधी फक्त थोडा जास्त काळा. वर्षानुवर्षं त्वचेच्या पुस्तकांत गोऱ्याच त्वचेची चित्रं जास्त छापली गेली. याची किंमत रुग्णांनी मोजली आहे, आणि हे मला फार लागतं.

यानंतर खपली धरेल, ती आपोआप पडू द्यायची. नखाने उचकटायची नाही. सनस्क्रीन रोज, आणि शक्यतो आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं. गडद त्वचेत नुसता दिसणारा प्रकाशसुद्धा डाग गडद करतो आणि बिनरंगाचं सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही.

खरी परीक्षा पुढच्या आठवड्यांत. सावळी त्वचा दुखावली की रंग ओतून उत्तर देते. खरचटलं, भाजलं, मुरूम फोडला, की मागे काळा डाग राहतो, हा अनुभव सगळ्यांचाच आहे. लेसरची जखमही त्वचेला तशीच वाटू शकते, आणि तो नवा डाग तीन-चार आठवड्यांनी डोकं वर काढतो. म्हणून दोन दिवसांनी चाचणी बघून "सगळं ठीक" म्हणण्यात काही अर्थ नाही.

(पडद्यावर : सहा आठवड्यांनंतर. तीच खुर्ची, तीच खिडकी, तोच उजेड.)

बाई केस कानामागे घेते. डॉक्टर भिंग धरतात, मग आधीचा फोटो शेजारी धरतात. ठिपका फिका झालाय. पण त्याच्या कडेला एक बारीक, काळसर वलय आहे. तिला ते दिसलंच नव्हतं.

"आज गालावर नको," डॉक्टर म्हणतात. "हे वलय आधी जाऊ दे. मग शक्ती कमी करून पुन्हा एक चाचणी करू."

ती आरसा हातात घेते, वलय शोधते, आणि विचारते, "पुन्हा कधी येऊ?"