डीसीपीच्या गोणीतलं फ्लोराइड

(दृश्य: लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांचे पिंजरे, फीडरमध्ये पडणारं खाद्य)

फ्लोराइड जास्त झालं की माणसाच्या दातांवर डाग पडतात, गाईच्याही पडतात. कोंबडीला दातच नाहीत. तिच्या अंगात किती गेलं ते बाहेरून दिसत नाही. हाडांत साठत राहतं.

फ्लोराइड म्हटलं की आपल्याला यवतमाळ, चंद्रपूरकडच्या बोअरवेल आठवतात. कोंबडीचा हिशेब वेगळा आहे; तिच्यासाठी पाण्यापेक्षा खाद्याकडे बघावं लागतं. लिटरमागे 3 मिलिग्रॅम, म्हणजे माणसाच्या मर्यादेच्या दुप्पट फ्लोराइड असलेलं पाणी ती दिवसाला पाव लिटर प्यायली, तरी पोटात जातं पाऊण मिलिग्रॅम.

(दृश्य: मिक्सर, पांढऱ्या भुकटीची गोणी)

आता ही गोणी बघा. डीसीपी, डायकॅल्शियम फॉस्फेट. फॉस्फरससाठी घालतात. हिचं मूळ बहुधा रॉक फॉस्फेट, उदयपूरजवळ झामरकोटड्याला निघतो तसला दगड. अशा दगडात साधारण 3 ते 4 टक्के फ्लोरिन असतं. डीसीपी करताना ते काढून टाकावं लागतं; युरोपात 0.2 टक्क्यांपर्यंतच चालतं. अशी डीसीपी क्विंटलमागे दीड किलो घातली, तर रोजच्या 110 ग्रॅम खाद्यातून कोंबडीला सव्वातीन मिलिग्रॅम मिळतं. स्वस्त पडतो म्हणून दगडच दळून घातला, तर पन्नास ते पासष्ट! म्हणजे खाद्याच्या किलोमागे 450 ते 600 मिलिग्रॅम, आणि युरोपातली पोल्ट्री खाद्याची मर्यादा 350 आहे.

मात्रा फार वाढली की कोंबडी आधी खाणं कमी करते, मग अंडी घटतात, कवच बिघडतं. यकृत आणि मूत्रपिंडालाही इजा होते. एका कवचाला सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम लागतं आणि त्यातलं काही रात्री हाडांतून येतं. फ्लोराइड बसलेलं हाड सहज विरघळत नाही.

गंमत म्हणजे थोड्या मात्रेत हेच फ्लोराइड हाड बळकट करतं. 1970 च्या दशकात संशोधकांनी कोंबड्यांच्या पाण्यात ते मुद्दाम घालून पाहिलं होतं.

लेअर खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. ते आतड्यातच बरंचसं फ्लोराइड अडवतं. तलंगांच्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांच्या, खाद्यात कॅल्शियम एक टक्क्याच्या आसपास, आणि हाडं वाढीची. म्हणून आधी त्यांच्या खाद्यातली डीसीपी तपासावी.

(दृश्य: अंड्यांचे ट्रे)

अंडं खाणाऱ्याने घाबरू नये; पांढऱ्यात आणि बलकात फ्लोराइड फारच थोडं उतरतं. यंत्राने हाडांवरून खरवडलेल्या मांसाची गोष्ट वेगळी. त्यात हाडाची कणी येते.