दोन उभ्या रेघांमधली जागा
(लघु माहितीपटाचे निवेदन)

[दृश्य : रात्रीची लॅब. यंत्रात सरकणाऱ्या नळ्या, बारकोडवर पडणारा लाल प्रकाश.]

रात्रीचे दोन वाजून गेले आहेत. पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या तळमजल्यावर रक्ताची एक नळी तपासणी यंत्रात शिरली आहे. थोड्याच वेळात यंत्र या रक्तातले पोटॅशियम मोजील आणि आकडा देईल : ६.४. हा आकडा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकणारा आहे, म्हणून तो चौथ्या मजल्यावरच्या अतिदक्षता विभागात ताबडतोब पोहोचला पाहिजे. मात्र लॅबचे सॉफ्टवेअर एका कंपनीचे आहे आणि वॉर्डातले दुसऱ्या कंपनीचे.

[दृश्य : संगणकाचा पडदा. उभ्या रेघांनी भरलेल्या ओळी.]

पडद्यावर दिसणारा हा मजकूर म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्रणालींनी एकमेकींना रुग्णाची माहिती कशी पाठवायची, हे ठरवून देणाऱ्या ‘एचएल सेव्हन’ (हेल्थ लेव्हल सेव्हन) या मानकाच्या दुसऱ्या आवृत्तीत लिहिलेला संदेश आहे. त्यातली प्रत्येक ओळ हा एक सेगमेंट असून ओळीची पहिली तीन अक्षरे हे त्याचे नाव असते. एमएसएच ही पहिली ओळ संदेश कोणी, कोणाला आणि कधी पाठवला ते सांगते. इतकेच नव्हे, तर पुढच्या मजकुरात रकाने कोणत्या चिन्हाने वेगळे केले आहेत (इथे उभ्या रेघेने), हेही तीच आरंभी जाहीर करते. पीआयडी या ओळीत रुग्णाची ओळख असते. तिच्या पाचव्या रकान्यात आधी आडनाव, मग स्वतःचे नाव आणि मग मधले नाव येते. शाळेच्या हजेरीपटावर नाव याच क्रमाने वाचत आलेल्या आपल्याला यात परके काही वाटणार नाही. पण नोंदणीच्या खिडकीवर कोणी घाईत तिन्ही नावे एकाच भागात टाइप केली, तर पुढे नावावरून शोध घेणाऱ्या प्रणालीला हा रुग्ण सापडणार नाही.

आता ओबीएक्स ही ओळ पाहा. निकाल इथे आहे. तिसऱ्या रकान्यात २८२३-३ हा संकेतांक आहे. अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरातील रेगेनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटमध्ये १९९४ साली सुरू झालेल्या ‘लॉइंक’ या संकेतावलीत त्याचा अर्थ रक्तद्रवातील पोटॅशियम असा आहे, आणि तो जगात सगळीकडे तोच राहतो. पाचव्या रकान्यात आकडा, सहाव्यात एकक, सातव्यात सामान्य मर्यादा आणि आठव्यात धोक्याची खूण आहे. अकराव्या रकान्यातले एक अक्षर हा निकाल प्राथमिक आहे, अंतिम आहे की दुरुस्त केलेला आहे, ते सांगते. चौथा रकाना या रुग्णाच्या बाबतीत रिकामा आहे, म्हणून तिथे दोन उभ्या रेघा एकमेकींना खेटून आल्या आहेत. ती रिकामी जागा गाळता येत नाही, कारण ती गाळली की पुढचे सगळे एक घर अलीकडे सरकेल आणि जिथे आकडा असायला हवा तिथे एकक जाऊन बसेल. या मानकाचे सारे बळ जागा ठरवून देण्यात आणि ती रिकामी असली तरी पाळण्यात आहे.

वॉर्डातल्या प्रणालीने संदेश वाचून मूळ संदेशाच्या क्रमांकासह ‘स्वीकारला’ अशी पोच परत पाठवली आहे. वॉर्डात तातडीचे उपचार सुरू झाले.

[दृश्य : नोंदींच्या खोलीतले मांडणीवरचे गठ्ठे, केसपेपरवर शाईने लिहिलेले आकडे.]

अशी जोडणी होण्यापूर्वी लॅबचा रिपोर्ट छापला जाई, वॉर्डातले मामा तो घेऊन जिना चढत आणि सिस्टर त्यातले आकडे पुन्हा एकदा केसपेपरवर उतरवून घेत. संगणक आल्यानेही हा प्रश्न आपोआप सुटला नाही. दहा प्रणालींपैकी प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्र जोडणी लिहायची झाली, तर पंचेचाळीस जोडण्या लागतात, आणि एक प्रणाली बदलली की तिच्या नऊही जोडण्या नव्याने लिहाव्या लागतात. अमेरिकेतल्या मोठ्या रुग्णालयांना हे ओझे आधी जाणवले. मार्च १९८७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात सॅम शुल्ट्झ यांनी बोलावलेल्या एका लहानशा बैठकीतून एचएल सेव्हन ही संस्था उभी राहिली. नावातला ‘सात’ हा संगणकांच्या आपसांतील संपर्काच्या प्रसिद्ध सात थरांपैकी सर्वांत वरचा थर आहे. तारा कशा जोडायच्या, हे खालच्या थरांवर सोपवून या मंडळींनी तारेतून जाणाऱ्या मजकुराचा अर्थ काय, एवढेच काम हाती घेतले, आणि माझ्या मते त्यांचा सर्वांत शहाणपणाचा निर्णय तोच होता. मानकाची दुसरी आवृत्ती लगेच पुढच्या वर्षी आली. नव्या आवृत्तीने नवे रकाने शेवटी जोडायचे आणि जुन्या प्रणालीने अनोळखी रकाने दुर्लक्षित करायचे, या साध्या नियमामुळे तिच्या वंशातले संदेश आजही जगभरच्या रुग्णालयांत धावत आहेत.

[दृश्य : मोबाइलच्या पडद्यावर संमतीची विनंती, बोट ‘मान्य’वर टेकते.]

रुग्णालयाच्या भिंतीबाहेर जाण्यासाठी मात्र वेगळी घडण हवी होती. ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहम ग्रीव्ह यांनी २०११ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून ‘फायर’ हे नवे मानक आकाराला आले. त्यात रुग्ण, निरीक्षण, औषधाची चिठ्ठी असे माहितीचे सुटे घटक वेबवरच्या पानांप्रमाणे मागता येतात. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने, म्हणजे आरोग्यनोंदी डिजिटल रूपात जोडण्याच्या केंद्र सरकारच्या योजनेने, याच मानकाची चौथी आवृत्ती स्वीकारली, आणि तिचे भारतासाठीचे तपशील पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेतल्या राष्ट्रीय संसाधन केंद्रात लिहिले जातात. मराठी मुलखात होणारे हे काम मराठी वाचकाला क्वचितच कोणी सांगते, म्हणून ते इथे मुद्दाम नोंदवत आहे. रुग्णाच्या चौदा अंकी आभा क्रमांकाशी, म्हणजे त्याच्या डिजिटल आरोग्य-ओळखीशी, जोडलेली नोंद त्याच्या संमतीनंतरच, इतरांना वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते.

[दृश्य : तालुक्याच्या गावातली छोटी लॅब. भिंतीला लागून ठेवलेले यंत्र, शेजारी जाड रजिस्टर.]

या लॅबमध्ये यंत्र चांगले आहे आणि तंत्रज्ञाचा हात सफाईदार आहे. सॉफ्टवेअर विकत घेताना ते कोणत्या मानकात संदेश पाठवते आणि आमची माहिती आम्हाला त्याच मानकात परत मिळेल का, हे दोन प्रश्न विकणाऱ्याला कोणी विचारले नाहीत. त्यामुळे यंत्राच्या कागदी पट्टीवरून आकडा वाचून तो रजिस्टरात लिहिला जातो आणि तिथून पुन्हा रिपोर्टमध्ये टाइप केला जातो. यंत्राच्या मागच्या बाजूला जोडणीची जागा आहे. तिच्यावर कारखान्यातून आलेली प्लॅस्टिकची टोपी अजून तशीच आहे.