पिशवीवरचे नाव

(पडद्यावर: शनिवारची सकाळ. बेंगळुरूच्या शंकरपुरम् भागातील रस्ता. कॉफीचे पेले हाती धरून पदपथावर उभी असलेली माणसे.)

शुक्रवारी दुपारी मिरजेत राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये बसलेला माणूस शनिवारी सकाळी बेंगळुरूला उतरतो, आणि रविवारी रात्रीच्या गाडीने परत निघायचे ठरवले तर त्याला या शहरात पुरते दोन दिवस मिळतात. ते दोन दिवस आम्ही केवळ कॉफीसाठी राखून ठेवले होते. या शहरात गेल्या दहा-बारा वर्षांत स्पेशालिटी कॉफीची दुकाने मोठ्या संख्येने उभी राहिली आहेत. तिथे फळ्यावर कॉफीच्या नावाबरोबर मळ्याचे नाव, झाडाचा वाण आणि डोंगराची उंचीही लिहिलेली असते. हे मळ्याचे नाव कपापर्यंत कसे पोहोचले आणि त्याला इतका उशीर का झाला, हे आम्हाला समजून घ्यायचे होते.

म्हणून सुरुवात नव्या दुकानातून केली नाही. ब्राह्मिन्स कॉफी बार हे १९६५ पासून चालत आलेले छोटेसे दुकान आहे. इडली, वडा, खारा भात, केसरी भात आणि कॉफी एवढ्यावर ते चालते, आणि बसायला जागा नसतानाही सकाळी तिथे पाय ठेवायला जागा मिळत नाही. इथली कॉफी म्हणजे दक्षिणेतली रोजची फिल्टर कॉफी. दोन मजली भांड्याच्या वरच्या भागात पूड दाबून त्यावर गरम पाणी ओतायचे, खाली थेंबाथेंबाने उतरलेला दाट अर्क, म्हणजे डिकॉक्शन, उकळत्या दुधात मिसळायचे आणि उंचावरून ओतून फेस आणायचा. फिल्टर कॉफीच्या पुडीत बहुतेक वेळा चिकोरी असते. चिकोरी हे एका वनस्पतीचे भाजलेले मूळ असून तिच्यामुळे अर्क दाट आणि गडद होतो. आज प्यायलेला पेला कालच्यासारखाच लागला पाहिजे, ही या कॉफीची प्रतिज्ञा आहे आणि ती पाळणे सोपे नाही. नव्या कॉफीची गोडी लागलेली काही माणसे फिल्टर कॉफीला कमी लेखतात. आम्हाला ते पटत नाही. मात्र हातातल्या पेल्यातील बी कोणत्या डोंगरावरची, हे तिथे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. याचे कारण चवीपेक्षा इतिहासात अधिक आहे.

(पडद्यावर: चर्च स्ट्रीट. इंडिया कॉफी हाउसची पाटी, आतील साधी टेबले, पांढऱ्या गणवेशातील वाढपी.)

त्या इतिहासाचे एक टोक मुंबईत आहे. कॉफीवरील उपकराच्या पैशातून कॉफीचा देशात प्रसार व्हावा म्हणून पहिले इंडिया कॉफी हाउस १९३६ साली मुंबईत चर्चगेटला उघडले. पुढे ही कॉफीगृहे सरकारच्या कॉफी बोर्डाकडे आली. १९५० च्या दशकात बोर्डाने ती बंद करायला घेतली, तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था स्थापन केल्या आणि १९५७ पासून ही कॉफीगृहे स्वतः चालवायला घेतली. बेंगळुरूचे कॉफी हाउस अनेक दशके महात्मा गांधी रस्त्यावर होते, २००९ मध्ये ते चर्च स्ट्रीटवर आले. शनिवारी अकराच्या सुमारास तिथे वर्तमानपत्र उघडून बसलेली वयस्कर मंडळी आणि लॅपटॉप उघडून बसलेली तरुण मंडळी एकमेकांच्या शेजारी दिसतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धाने युरोपची बाजारपेठ बंद झाली आणि भारतातील कॉफी पडून राहण्याची वेळ आली. बागायतदार बुडू नयेत म्हणून सरकारने कॉफीची विक्री आपल्या हाती घेतली, आणि १९४२ च्या कायद्याने ही व्यवस्था पक्की झाली. घरच्या वापरापुरती आणि बियाण्यापुरती कॉफी ठेवून उरलेले सारे पीक बागायतदाराने बोर्डाच्या सामायिक साठ्यात जमा करायचे. बोर्डाने प्रतवारी करायची, लिलाव करायचे आणि पैसे हप्त्याहप्त्याने चुकते करायचे, अशी ही पद्धत होती. दाण्याचा आकार आणि त्यातील दोष पाहून प्लँटेशन ए, चेरी एबी यांसारख्या प्रती ठरत, आणि मळ्याचे नाव गोदामाच्या दारातच गळून पडे. या पद्धतीने अडचणीच्या काळात लहान बागायतदाराला आधार दिला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु आपल्या झाडाच्या बियांची चव कशी आहे, ती शेजारच्या डोंगरावरील बियांपेक्षा वेगळी का आहे, हे जाणून घेण्याचे कोणतेही कारण तिने त्याच्यापुढे ठेवले नाही. १९९० च्या दशकात ही बंधने टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि १९९६ मध्ये सर्व बागायतदारांना आपली कॉफी हव्या त्या ग्राहकाला विकण्याची पूर्ण मोकळीक मिळाली.

त्याच वर्षी, चर्च स्ट्रीटपासून चालत काही मिनिटांवर असलेल्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डेचे पहिले दुकान उघडले. तरुणांनी कॉफीसाठी तासभर बसावे ही सवय त्याने देशभर लावली. मळ्याचे नाव पुढे येण्यास मात्र आणखी बरीच वर्षे लागली. २०१३ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या ब्लू टोकाई या कॉफी भाजून विकणाऱ्या कंपनीने पिशवीवर मळ्याचे नाव आणि भाजल्याची तारीख छापली, आणि त्यानंतर ही रीत शहराशहरांत पसरली. मुंबईत सबको, नागपुरात कॉरिडॉर सेव्हन अशी नावे आज महाराष्ट्रातील कॉफीप्रेमींच्या तोंडी आहेत.

(पडद्यावर: इंदिरानगर, दुपार. झाडांच्या सावलीतला रस्ता, काचेच्या भिंतीआडचे कॅफे.)

इंदिरानगरमधील अराकूचे कॅफे २०२१ मध्ये सुरू झाले. अराकू हे पूर्व घाटातील, आंध्र प्रदेशातील खोरे आहे आणि तिथली कॉफी आदिवासी शेतकरी छोट्या छोट्या तुकड्यांवर, मोठ्या झाडांच्या सावलीत पिकवतात. याच नाममुद्रेने २०१७ मध्ये पॅरिसमध्ये दुकान काढले होते. इतर ठिकाणी फळ्यावर दिसणारे नाव बहुधा मळ्याच्या मालकाचे वा मळ्याचे असते. इथे ते एका खोऱ्यातील हजारो लहान शेतकऱ्यांचे सामायिक नाव आहे. आम्हाला ही गोष्ट कॉफीइतकीच महत्त्वाची वाटली. कर्नाटकातील मोठ्या मळ्यांवर आसामपासून उत्तर कर्नाटकापर्यंतचे मजूर फक्त पिकून लाल झालेली फळे हाताने निवडून तोडतात, एकाच झाडापाशी पुन्हा पुन्हा येतात, आणि कपातील गोडव्याची पहिली अट त्यांच्या बोटांनीच पुरी होते. त्यांची नावे अजून कोणत्याही पिशवीवर नाहीत.

संध्याकाळी कॉफी भाजण्याच्या एका छोट्या भट्टीवर आम्हाला कपिंग पाहता आले. कपिंग म्हणजे कॉफी चाखून तिची पारख करण्याची ठरलेली पद्धत. जाडसर दळलेली पूड वाटीत घेऊन, साधारण १५० मिलिलीटर पाण्याला सव्वाआठ ग्रॅम या प्रमाणात, तिच्यावर गरम पाणी ओततात. चार मिनिटांनी वर आलेली साय चमच्याने मोडतात, आणि त्या क्षणी वाफेबरोबर येणारा वास नाक वाटीजवळ नेऊन घेतात. मग चमचाभर कॉफी जोराने आवाज करत ओढायची, म्हणजे ती तोंडभर पसरते. वास, आंबटपणा, गोडवा, तोंडातील भरीवपणा, मागे राहणारी चव अशा निकषांवर १०० पैकी गुण देतात आणि ८० किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या कॉफीला स्पेशालिटी म्हणतात. हा शब्द सजावटीवरून किंवा किमतीवरून ठरत नाही, एवढे प्रेक्षकांनी लक्षात ठेवावे.

टेबलावर चार वाट्या होत्या. पहिल्या दोन वाट्यांत एकाच मळ्याची एस ७९५ होती, एक गर काढून, धुऊन वाळवलेली आणि दुसरी फळासकट वाळवलेली. एस ७९५ हा चिक्कमगळुरू जिल्ह्यातील बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्राने १९४० च्या दशकात दिलेला, अरेबिका या कॉफीच्या जातीचा वाण आहे. तांबेऱ्याला तोंड देण्यासाठी केलेल्या संकरातून तो आला आणि भारतीय अरेबिकाचा आजही मोठा आधार आहे. धुतलेल्या कॉफीत गुळाचा आणि किंचित जायफळाचा भास झाला. फळासकट वाळवलेल्या कॉफीचा वास आला तेव्हा आम्ही दोघेही एकदमच म्हणालो, "करवंद!" शेजारच्या तक्त्यावर तिथे ब्लूबेरी लिहिले होते. कपिंग घेणारा तरुण बेळगावचा होता आणि आमचे बोलणे ऐकून मराठीत म्हणाला, "दादा, आमच्या घरी मी आईला चाखायला दिली, तीपण करवंदच म्हणाली. ब्लूबेरी आम्ही कुणी लहानपणी खाल्लीच नव्हती." चवीचे तक्ते परदेशात तयार झाले, म्हणून त्यावर परदेशी फळे आहेत. सह्याद्रीत पिकलेल्या कॉफीचे वर्णन करवंद, जांभूळ, कोकम, काकवी या शब्दांत कुणीतरी मनापासून लिहायला हवे, आणि ते काम मराठी व कन्नड बोलणाऱ्यांनी करावे, असे आम्हाला वाटते.

(पडद्यावर: रविवार सकाळ. कोरमंगला. निमुळत्या चोचीच्या किटलीतून पडणारी पाण्याची बारीक धार.)

रविवारी सकाळी मात्र आमची निराशा झाली. एका देखण्या दुकानात मागवलेली पोर-ओव्हर कॉफी पातळ आणि चिंचेसारखी आंबट निघाली. पोर-ओव्हर म्हणजे कागदी गाळणीतील पुडीवर हाताने पाणी ओतून केलेली काळी कॉफी. ती करताना कुठे बिघडते, हे त्यानंतरच्या दुकानात एका बरिस्ताने, म्हणजे कॉफी बनवणाऱ्या मुलीने, आम्हाला दाखवले. तिने १५ ग्रॅम पूड घेतली आणि तिला २४० मिलिलीटर पाणी ठरवले. आधी थोडेसे पाणी ओतून ती अर्धा मिनिट थांबली. ताज्या कॉफीत अडकलेला कर्बवायू या वेळात बाहेर पडतो आणि पूड कणकेसारखी फुगून येते. मग गोल धारेने उरलेले पाणी तीन टप्प्यांत घातले, आणि तीन मिनिटांच्या आसपास सारे पाणी खाली उतरले. पूड जास्त जाड दळली किंवा पाणी पुरेसे गरम नसले, तर आंबट द्रव्ये आधी विरघळतात आणि गोडवा पुडीतच राहतो. उलट फार बारीक दळले तर कडवटपणा उतरतो. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी ९७ अंशांच्या आसपासच उकळते आणि हलक्या भाजणीच्या कॉफीसाठी किटली उकळताच ओतलेली चालते, असेही तिने सांगितले. अशी एक कॉफी दोनशे-तीनशे रुपयांच्या घरात जाते. तेवढ्या पैशांत ग्राहकाला पुडीचे आणि पाण्याचे माप नेमके पाळलेले मिळाले पाहिजे. सकाळच्या दुकानात वजनकाटा होता, पण त्याच्याकडे कुणी पाहत नव्हते.

त्याच दुकानात आम्ही रोबस्टा, म्हणजे कॉफीची दुसरी मुख्य जात, प्यायलो, आणि या प्रवासातील सर्वांत मोठे आश्चर्य तेच ठरले. भारतात पिकणाऱ्या कॉफीपैकी सुमारे ७० टक्के रोबस्टा असते. अरेबिकापेक्षा तिच्यात कॅफीन जवळपास दुप्पट, झाड काटक, उत्पन्न अधिक. म्हणून तिच्याकडे स्वस्त भरतीचा माल म्हणूनच पाहिले गेले. आमच्यापुढे आलेली रोबस्टा मात्र पिकलेली फळे निवडून, धुऊन, सावकाश वाळवलेली होती. तिच्या एस्प्रेसोवर लालसर जाड साय आली आणि चव भाजलेल्या शेंगदाण्यांकडून हळूहळू कोकोकडे गेली. अरेबिकाच्या झाडाला खोडकिडा पोखरतो, उष्णता वाढली की त्याचा जोर वाढतो, आणि त्यामुळे अनेक बागायतदार रोबस्टाकडे वळत आहेत. अशा वेळी रोबस्टाला नाव आणि भाव मिळणे त्यांच्यासाठी निकडीचे आहे. भारतातील स्पेशालिटी कॉफीचे पुढील महत्त्वाचे काम इथेच आहे, असे आमचे मत झाले.

दुपारी विधानसौधाजवळील कॉफी बोर्डाच्या इमारतीपुढे थोडा वेळ थांबलो. रविवार असल्याने दार बंद होते. देशातील सुमारे ७० टक्के कॉफी पिकवणाऱ्या राज्याच्या राजधानीत, सगळ्या मळ्यांची नावे एके काळी जिथे पुसली जात, तेच बोर्ड आज 'कापी शास्त्र' नावाचा अभ्यासक्रम चालवते आणि भाजणी व पारख शिकवते.

(पडद्यावर: रात्र. रेल्वेचा डबा. खिडकीजवळच्या टेबलावर तपकिरी कागदी पिशवी.)

परतीच्या गाडीत आम्ही विकत घेतलेली पिशवी दिव्याखाली धरली. मळ्याचे नाव रत्नागिरी. हे आपल्या कोकणातले रत्नागिरी नव्हे, हा कर्नाटकातील पश्चिम घाटातला कॉफीचा मळा आहे. त्याखाली वाण, प्रक्रिया आणि भाजल्याची तारीख. तारीख आदल्याच दिवसाची, म्हणजे शनिवारची होती. इतक्या ताज्या कॉफीत कर्बवायू फार असतो आणि पाणी पुडीत नीट शिरत नाही, म्हणून हलकी भाजलेली कॉफी आठवडाभर तरी ठेवावी, असे दुकानदाराने बजावले होते. पिशवी तशीच बंद ठेवून आम्ही तिच्यावर पेनाने पुढच्या शनिवारची तारीख लिहिली.