हॅलोवीन बर्गर घरच्या घरी: काळा पाव, चीजचे सुळे आणि बीटाचं रक्त

(दृश्य: ओट्यावर तयार बर्गर. काळ्या पावावर पांढरं जाळं, कडेने लाल ओघळ.)

नमस्कार मंडळी! ३१ ऑक्टोबर जवळ आला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न येतोच: पोरांच्या हॅलोवीनला खायला काय करायचं? हे करा. भुताटकी बर्गर, सहा जणांच्या मापात.

चेहरा बनवायला दहा मिनिटं पुरतात, त्याची काळजी नको. हा बर्गर फसतो तो पाण्यामुळे. बीट ओलं राहिलं, सॅलड नीट निथळलं नाही, पाव गरम असतानाच झाकून ठेवला की भुताचा लगदा होतो. त्यात आपली मुंबईची दमट हवा. त्यामुळे आज ‘पिळा, पुसा, निथळा’ हे पालुपद सारखं ऐकू येणार आहे, कंटाळू नका.

आधी पाव. काळा रंग आणायचा कशाने? जपानमध्ये बर्गर किंगने २०१४ मध्ये पाव आणि चीज दोन्ही बांबूच्या कोळशाने काळं करून विकलं होतं. घरगुती रेसिपींमध्ये मात्र ॲक्टिव्हेटेड चारकोल सुचवलेला दिसतो. त्या वाटेला जाऊ नका. हा कोळसा पोटातली औषधं धरून ठेवतो. विषबाधा झालेल्या पेशंटला हॉस्पिटलमध्ये देतात ते याच गुणामुळे. आलेल्या पाहुण्यांत बीपीची गोळी घेऊन कोण आलंय, आपल्याला काय माहीत? न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याने २०१८ मध्ये हॉटेलांना तो खाण्यात घालायला मनाई केली.

आपण डार्क कोको आणि काळा जेल रंग वापरू. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास बेकिंगच्या सामानाची दुकानं आहेत, तिथे दोन्ही मिळतं. बाटलीतला पातळ रंग घेऊ नका, त्याने पाव काळा न होता जांभळट करडा होतो. कोको आधी, रंग त्याच्या मदतीला. नुसत्या रंगावर काळं करायला गेलं तर बराच ओतावा लागतो. अमेरिकेत २०१५ मध्ये बर्गर किंगनेच काळ्या पावाचा हॅलोवीन बर्गर काढला, तेव्हा दुसऱ्या दिवशी लोकांना हिरवं काहीतरी दिसलं आणि त्याचीच चर्चा जास्त झाली. कुठे दिसलं ते सांगत नाही, जेवणाची वेळ असेल तुमची.

(पडद्यावर: मैदा ३०० ग्रॅम, डार्क कोको १५ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम, साखर २० ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, दूध १६५ मिली, अंडं १, मऊ बटर ४० ग्रॅम, काळा जेल रंग अर्धा छोटा चमचा.)

अंडं नको असेल तर दूध २१० मिली घ्या. बटर खारं असेल तर मीठ ४ ग्रॅम पुरे. जेल रंग दुधात विरघळवून घ्या. मळून झालेल्या पिठात वरून घातला तर रेघा राहतात आणि त्या काही केल्या जात नाहीत. बटर सोडून सगळं एकत्र करा, पाच मिनिटं मळा, मग थोडं थोडं बटर घालत आणखी सात-आठ मिनिटं चांगलं तिंबा. पीठ सुरुवातीला हाताला चिकटेल. वरून मैदा भुरभुरवायचा मोह आवरा. कोको पाणी ओढून घेतो, त्यामुळे थोड्या वेळाने पीठ आपोआप घट्ट होतं. चिमूटभर पीठ ओढून पाहा, न तुटता पातळ पापुद्रा आला की झालं.

यीस्ट ४ ग्रॅमच का, ७ ग्रॅमचं पूर्ण पाकीट का नाही? ऑक्टोबर हीट! दुपारी स्वयंपाकघरात तिशीच्या वर तापमान असतं, पीठ पाऊण तासातच दुप्पट होतं. पाकीटभर यीस्ट घातलं तर ते भसाभसा फुगतं, आंबूस वास येतो आणि ओव्हनमध्ये गेल्यावर पाव बसतो. घड्याळाकडे पाहू नका, पातेल्याकडे पाहा.

(दृश्य: तेलाच्या हाताने गोळा वळताना, अगदी जवळून.)

पीठ फुगून दुप्पट झालं की ९० ग्रॅमचे सहा गोळे करा. वळताना हाताला तेल लावा, कोरडं पीठ अजिबात नाही. काळ्या पावावर मैद्याचा एक डागसुद्धा भाजल्यावर राखेसारखा उठून दिसतो. थोडं पीठ उरेल, त्याच्या बारीक वळ्या करून दोन गोळ्यांवर आडव्यातिडव्या चिकटवा, भाजल्यावर फुगलेल्या शिरा दिसतात. गोळे हलके दाबून अर्धा तास ठेवा. बोटाने टोचल्यावर खळगा सावकाश भरून आला की १८० अंशांवर १६ ते १८ मिनिटं भाजा.

खरी गंमत इथे आहे. साधा पाव झाला की सोनेरी होतो, आपण बघून काढतो. हा आत जाताना काळा, बाहेर येताना काळा! कच्चा असला तरी काळा, करपला तरी काळा. थर्मामीटर असेल तर पावाच्या मध्यात ९० ते ९२ अंश दिसले पाहिजेत. नसेल तर पाव उलटा करून बुडाला टिचकी मारा, पोकळ आवाज यायला हवा, आणि बाजू दाबली की लगेच वर आली पाहिजे. कडवट वास आला तर उशीर झालाय. बाहेर काढल्याबरोबर बटरचा हात फिरवा म्हणजे चकाकी येते, आणि जाळीवर तासभर गार होऊ द्या. ताटात ठेवलात तर खाली वाफ धरून बूड ओलं होतं.

रंगच नको असेल त्यांच्यासाठी लाल भोपळा. अमेरिकेत हॅलोवीनला भोपळा कोरतात. त्याआधी आयर्लंडमध्ये सलगम कोरायचे. कोणत्याही भाजी बाजारातून एक फोड आणा, वाफवा, कुस्करा आणि कढईत पाणी आटेपर्यंत परता. हा गर १०० ग्रॅम, पाव चमचा हळद, कोको आणि रंग बाद, दूध ८५ मिलीवर आणा. गोळ्याला तेलात बुडवलेला सुती दोरा चारदा सैलसर बांधा म्हणजे फुगताना आठ फाका पडतात. घट्ट बांधलात तर दोरा आत रुततो. भाजून झाल्यावर दोरा कापून काढा, सगळे तुकडे निघाले का ते मोजा, आणि वर हिरव्या मिरचीचं देठ खोचा.

आता पॅटी. व्हेजसाठी: उकडून पूर्ण गार केलेले बटाटे २५० ग्रॅम, शिजवून निथळलेला राजमा १५० ग्रॅम, बीट १०० ग्रॅम, ब्रेडचा चुरा ५० ग्रॅम, आलं-लसूण-मिरची, गरम मसाला, मीठ. बटाटा गार झाल्यावर किसा. गरम कुस्करला तर गोंदासारखा चिकट होतो. राजमा ओबडधोबड ठेचा. बीट किसून फडक्यात घट्ट पिळा, पण रस टाकू नका, त्याचं काम पुढे आहे. सहा पॅटी करून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर तव्यावर उलथण्याने उलटताना हमखास तुटतात.

चिकन हवं असेल तर लेग बोनलेसचा खिमा ६०० ग्रॅम, एकदाच फिरवलेला. नुसत्या छातीच्या मांसाची पॅटी कोरडी पडते. १०० ग्रॅमची एक, पावापेक्षा बोटभर रुंद थापा, कारण ती आकसते. मध्ये अंगठ्याने खळगा करा. मीठ थापायच्या अगदी आधी. आतलं तापमान ७४ अंश व्हायलाच हवं.

रक्तासाठी तोच बीटाचा रस. ३ चमचे केचप, २ चमचे रस, अर्धा छोटा चमचा कॉर्नफ्लोअर. मिनिटभर खदखदवा, उतरवून लिंबाचे चार थेंब पिळा. बीटाचा लाल रंग जास्त उकळलं की तपकिरी पडतो, आंबटपणाने तो टिकायला मदत होते. चमच्यावरून सावकाश घरंगळला पाहिजे. पातळ झाला तर पावात मुरतो.

(दृश्य: फ्रिजमधून काढलेली चीज स्लाइस, सुरीचं टोक.)

चेहरा. सुळ्यांसाठी साधी प्रोसेस्ड चीज स्लाइस घ्या. ती गरम पॅटीवर तेल न सोडता मऊ होऊन वाकते. महागाचं चेडर इथे वाया जातं. फ्रिजमधून काढल्या काढल्या एका कडेला त्रिकोण कापा, दोन लांब, मधले आखूड. पॅटी तव्यावरून उतरवा, मिनिटभर थांबा आणि मगच चीज ठेवा. तव्यावरच ठेवलंत तर सुळ्यांची जीभ होते.

डोळ्यांना लाल सारणाचे हिरवे ऑलिव्ह, आडव्या चकत्या. ते पावाला टोचायला टूथपिक नको, अंधारात लहान मूल सरळ चावतं. कच्च्या स्पॅगेटीचा चार सेंटीमीटर तुकडा वापरा, घट्ट धरतो आणि ओलाव्याने जरा मऊही पडतो. चुकून चावला तर खाण्याचीच वस्तू.

जाळ्यासाठी बटर पेपरचा मेंदीसारखा कोन वळा, त्यात घट्ट मेयॉनीज भरा, गार पावावर तीन-चार गोल काढा आणि काडीने मधून कडेकडे ओढत जा. दर ओढीनंतर काडी पुसा, नाहीतर जाळं फिस्कटतं.

रचताना पावाच्या कापलेल्या बाजू बटरवर शेका, तो तुपकट थर रस अडवतो. मग मेयॉनीज, कपड्याने टिपलेलं लेट्यूस, मीठ लावून पाणी सुटल्यावर पुसलेली टोमॅटोची चकती, पॅटी, चीज. रक्त शेवटी आणि चीजवर, पावावर नाही.

पार्टी सातला असेल तर पाव सकाळी करा, दुपारी पॅटी थापून ठेवा, सुळे कापून बटर पेपरमध्ये घालून फ्रिजमध्ये, आणि साडेसहाला तवा चढवा. मेयॉनीज लावलेला बर्गर या उकाड्यात तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. आणि बीट खाल्लेल्यांच्या घरी आधीच सांगून ठेवा, सकाळी लघवी गुलाबी दिसली तर डॉक्टरांना फोन करायची गरज नाही.