गाडीला वळण दिसत नाही

[ताम्हिणी घाट, सकाळची वेळ, काच निम्मी खाली]

हा जो वास येतोय ना, म्हणजे तुम्हाला स्क्रीनमधून येणार नाही पण आम्हाला चांगलाच आला, तो ब्रेक तापल्याचा आहे. पुण्याहून कोकणात उतरतोय, विळे अजून लांब, सात सीटर डिझेल एसयूव्ही, ६ गिअरची ऑटोमॅटिक, आत सहा माणसं आणि मागे बॅगा, आणि मी पहिल्या वळणापासून गाडी डी (ड्राइव्ह, म्हणजे गिअर गाडीच बदलते) मध्ये ठेवून नुसता ब्रेक दाबत उतरतोय. शेजारी बाबा, ज्यांनी आयुष्यभर हातानेच गिअर टाकले. म्हणाले, "अरे खालच्या गिअरला घे की." मी म्हटलं, "बाबा ऑटोमॅटिक आहे, ती घेते आपली आपण." "घेते, तर मग वास कसला येतोय?"

गाडी कडेला घेतली. ब्रेक गार होईपर्यंत वेळच वेळ होता, तर आत काय चालतं ते सांगतो.

[ताकाचं मडकं, आत फिरणारी रवी]

ताक घुसळताना मडकं धरून ठेवावं लागतं, का? कारण रवी आणि मडकं एकमेकांना चिकटलेले नसले तरी मधलं ताक फिरतं आणि ते मडक्यालाही ओढायला बघतं. माझ्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये बसतो तो टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे हेच, फक्त ताकाच्या जागी तेल. एका बाजूचं पात्यांचं चाक इंजिनला जोडलेलं, ते तेल फेकतं, समोरचं चाक त्या तेलाने फिरतं आणि पुढे गिअरबॉक्सला फिरवतं. सिग्नलला डी मध्ये ब्रेक दाबून उभे असता तेव्हा तुम्ही मडकं धरलेलं असतं. ब्रेक सोडला की गाडी आपोआप सरकते ती त्यामुळेच, बिघाड नाही तो. दोन चाकांच्या मध्ये तिसरं एक छोटं चाक असतं, ते परत येणाऱ्या तेलाची दिशा बदलतं, त्यामुळे जागेवरून निघताना इंजिनचा जोर साधारण दुप्पट होऊन पुढे जातो. भरलेली जड गाडी चढावर उचलायला हे फार कामाचं, थार आणि स्कॉर्पिओ-एनच्या ऑटोमॅटिकमध्ये हाच प्रकार आहे. आणि वेग आला की एक क्लच दोन्ही बाजू घट्ट जोडून टाकतो, नाहीतर डिझेल नुसतं तेल घुसळण्यात जायचं.

बाकी ऑटोमॅटिक म्हटलं की सगळं सारखं नसतं हं. एकट्या क्रेटामध्येच बघा, डिझेलला टॉर्क कन्व्हर्टर, साध्या पेट्रोलला बेल्टवाली सीव्हीटी, टर्बो पेट्रोलला दोन क्लचची डीसीटी. आणि २०१४ ला सेलेरिओबरोबर आपल्याकडे आली ती एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, क्लच आणि गिअर तेवढे मशीन टाकतं, म्हणून मध्ये मध्ये डुलकी घेतल्यासारखा झटका बसतो.

आता मुद्द्याचं. गिअर कधी बदलायचा हे कॉम्प्युटर ठरवतो, आणि त्याला मुख्यतः दोन गोष्टी कळतात, तुमचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर किती आहे आणि गाडी किती वेगात आहे. उतारावर तुम्ही पाय काढता, तो म्हणतो साहेबांना जोर नकोय, चला वरचा गिअर. वरच्या गिअरला इंजिन गाडीला धरून ठेवत नाही, गाडी सुटते, तुम्ही ब्रेक मारता, परत तेच. काही गाड्या उतार ओळखून खालचा गिअर धरतात, पण पुढचं वळण किती कचकावून आहे आणि त्यातून एसटी येतेय हे कुठल्याच गिअरबॉक्सला दिसत नाही, ते तुम्हाला दिसतं. बाबांच्या पिढीचा नियम होता, ज्या गिअरला घाट चढायचा त्याच गिअरला उतरायचा, आणि तो नियम ऑटोमॅटिकमध्येही तसाच लागू होतो, फक्त क्लच नाही. दांडा मॅन्युअलला ओढायचा नाहीतर स्टिअरिंगमागचं मायनस दाबायचं. चुकून फारच खालचा गिअर मागितला तर गाडी देत नाही, इंजिनचे आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, फार वर जातील म्हणून.

आणि डिझेल वाचवायला एन, म्हणजे न्यूट्रलमध्ये टाकून उतरणारे काका, तुम्हालाही सांगतो, उलटं आहे ते. गिअरमध्ये असताना पाय काढला की इंजिन डिझेल बंद करतं, चाकंच त्याला फिरवत असतात, एन मध्ये मात्र त्याला चालू राहायला डिझेल प्यावंच लागतं.

[गाडी परत रस्त्यावर, मीटरवर २]

अर्ध्या तासाने निघालो. दुसऱ्या गिअरला. इंजिन थोडं ओरडत होतं, गाडी पस्तीसच्या आसपास धरून, ब्रेक फक्त वळणाच्या तोंडाशी. वास नाही. बाबा काहीच बोलले नाहीत, म्हणजे बरोबर चाललं होतं.

खाली चहाला थांबलो, तिथे जरा उतार होता, मी सवयीने थेट पी (पार्किंग) मध्ये टाकून ब्रेक सोडला आणि गाडी कचकन अडकली. पी म्हणजे आत एक खिट्टी दातेरी चाकात अडकते, अडीच टन त्या एवढ्याशा लोखंडावर. बाबांनी चहाचा कप डॅशबोर्डवर ठेवला आणि म्हणाले, "हँडब्रेक आधी, मग ते तुझं पी."