दुसरी बॉडी, पण कुठली?

नमस्कार मंडळी. आजचा विषय फळ्यावर लिहिलाच आहे : जुन्या मॅन्युअल लेन्ससाठी स्वस्तातली दुसरी फिल्म बॉडी, म्हणजे लेन्स सोडून नुसता रोलचा कॅमेरा. लिहिणाऱ्याने 'स्वस्तातली'खाली दोन रेघा मारल्यात, म्हणजे मी पुण्यातच आहे याची खात्री पटली. मला अर्धा तास दिलाय. त्यातली पहिली दहा मिनिटं मी दिवे घाटात घालवणार आहे. ज्यांनी हा किस्सा आधी ऐकलाय त्यांनी खुशाल चहाचं कुठवर आलंय ते बघून यावं.

साल १९९८, आषाढी वारी. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाते त्या दिवशी घाटात काय दृश्य असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मी पहाटेच वरच्या एका वळणावर जागा धरून बसलो होतो. गळ्यात निकॉनचा एफई कॅमेरा, पिशवीत २८, ५० आणि १०५ मिलिमीटरच्या अशा तीन लेन्स. त्यातली १०५ बायकोच्या भिशीच्या पैशांतून आली होती. स्टीव्ह मॅकरीने १९८४ साली पाकिस्तानातल्या निर्वासित छावणीत त्या हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो निकॉनच्या १०५वर काढला, हे मी घरी इतक्यांदा सांगितलं होतं की शेवटी कंटाळून तिने पैसे दिले. "त्या बाईचे डोळे आहेत म्हणून फोटो चांगलाय, लेन्समुळे नाही," हे मात्र वर ऐकवलं. असो.

पाऊस बारीक पडत होता. घाट चढायला रथाला जादा बैलजोड्या लावलेल्या असतात. त्या वळणावर आल्या, मागे रथ, त्यामागे खालपर्यंत पताकाच पताका. मी १०५ लावली, श्वास धरला, बटण दाबलं. खट्. आणि डोळ्यासमोर अंधार. लेन्समधलं चित्र डोळ्यापर्यंत आणणारा कॅमेऱ्यातला आरसा वर गेला तो खाली येईना. फुंकर मारून झाली, चापट मारून झाली, ज्या माउलींचा फोटो काढायला आलो त्यांचाच धावा करून झाला. काही नाही.

पण मी तयारीचा माणूस! दोनच आठवड्यांपूर्वी जुन्या बाजारात घासाघीस करून दुसरी बॉडी घेतली होती : पेंटॅक्स के-१०००, सोबत त्याची ५०ची लेन्स. कॅमेऱ्यात खोट काढायला जागा नाही. १९७६ ते १९९७ इतकी वर्षं बनत राहिलेली बॉडी. सेल नसला तरी शटर चालतं, सेल फक्त लाइट मीटरला. मी ती ऐटीत काढली, १०५ तिच्या तोंडाशी नेली आणि मग डोक्यात प्रकाश पडला. निकॉनची लेन्स पेंटॅक्सला कशी बसेल? दोन्ही घराणी उत्तम, पण सोयरीक होत नाही. शेवटी ५०ने फोटो काढला. त्यात रथ काडेपेटीएवढा आलाय. आई म्हणाली, "फोटो छान आहे रे, पण रथ कुठंय?" मी बोट ठेवून दाखवला.

पुढचं ऐका. पावसाळा संपल्यावर मी एफई घेऊन मुंबईला फोर्टात गेलो, पोटमाळ्यावर बसणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे. त्यांनी कॅमेरा हातात घेतला आणि विचारलं, "सेल कधी बदललेत?" मी गप्प. त्यांनी शटरची चकती फिरवून 'एम ९०'वर आणली. टक्. आरसा खाली! एफईचे सेल संपले की आरसा वरच अडकतो आणि चकती एम ९० किंवा 'बी'वर नेली की सुटतो. एम ९० म्हणजे सेकंदाचा नव्वदावा भाग, तो निव्वळ स्प्रिंगवर चालतो. घाटातल्या ढगाळ उजेडात, ४००च्या रोलवर, लेन्सचं छिद्र एफ ८ला ठेवून अख्खा रोल निघाला असता. पैसे विचारले तर म्हणाले, "दुरुस्त काय केलं, म्हणून घेऊ?" माहितीपुस्तकात हे सगळं छापलेलं असतं. मी कॅमेरा जुना घेतला होता, पुस्तकाशिवाय.

चिठ्ठी आली. "सात मिनिटं." म्हणजे मूळ विषय अजून सुरूच व्हायचाय! भराभर सांगतो.

माझं म्हणणं एवढंच : दुसरी बॉडी घ्यायला निघालात की घरातली लेन्स खिशात घालून निघा. आधी माउंट, म्हणजे लेन्स जिथे अडकते ते तोंड, मग बॉडी. आणि पहिली ज्या कारणाने बंद पडू शकते त्याच कारणाने दुसरी बंद पडता कामा नये. पहिली सेलवरची असेल तर दुसरी स्प्रिंगवरची घ्या.

निकॉनवाल्यांसाठी १९७७चा एफएम. एक सेकंदापासून हजाराव्या भागापर्यंत सगळं स्प्रिंगवर. तुमची लेन्स १९७७च्या आधीची, म्हणजे 'एआय' (छिद्राचा आकडा मीटरला कळवायची निकॉनची नवी सोय) नसलेली असेल तर एफएम आणि एफईच्या माउंटजवळची बारीक पट्टी वर उचलता येते, मग लेन्स बसते. १९८२च्या एफएम-२ची पट्टी उचलत नाही. जबरदस्ती केलीत तर मोडेल. लोक एफएम-२च्या नावावर जास्त पैसे मोजतात आणि आजोबांची लेन्स कपाटात राहते.

निकोरमॅट एफटीएन आणखी स्वस्त, वजनाला वरवंटा. त्याचा मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचा, ते सेल आता मिळत नाहीत आणि दीड व्होल्टचा घातला तर मीटर चुकीचं सांगतो. मीटर मेला समजा, स्वच्छ उन्हात एफ १६ धरा आणि पुढे अंदाजाने चला.

१९८८चा एफ-८०१ कुणाला नको असतो, म्हणून स्वस्त. तो एआय लेन्सनेही उजेड मोजतो. पूर्ण सेलवर चालतो, म्हणजे माझ्याच नियमात बसत नाही, पण त्याला लागतात साधे चार पेन्सिल सेल. पानाच्या टपरीवर मिळतील. एफ-८०ला मात्र फसू नका : लेन्स बसते, मीटर बंद.

आट्यांच्या, म्हणजे एम-४२ लेन्स ज्यांच्याकडे आहेत त्यांनी के-१००० घ्या आणि मध्ये बसवायची एक पातळ जोड-रिंग. दोन्हींचं माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४५.४६ मिलिमीटर, त्यामुळे लांबचं फोकस शाबूत राहतं. निकॉनचं अंतर ४६.५, तिथे हे जमत नाही. माझ्या त्याच पेंटॅक्सवर आज झेनिटची हेलिओस ५८ आहे, म्हणजे जुन्या बाजारातले पैसे अगदीच वाया गेले नाहीत. कॅननच्या एफडी लेन्स असतील तर एई-१ देखणा आहे, पण सेलशिवाय दगड. दुसरी बॉडी म्हणून कॅननचाच स्प्रिंगवरचा एफटीबी बघा.

घेताना मागचं दार उघडा, एक सेकंदावर शटर सोडा आणि तोंडाने 'एक हजार एक' म्हणा; शटर तेवढाच वेळ उघडं राहायला हवं. सेलच्या खणात हिरवट साका आहे का बघा. दाराच्या खाचेतला काळा फोम बोटाला डांबरासारखा चिकटला तर घाबरू नका, तो बदलता येतो, पण भाव पाडायला उपयोगी आहे.

दुसरी चिठ्ठी. हो, थांबतो. तोच एफई आणलाय, सेल काढून ठेवलेत. एम ९०चा आवाज ऐकायचा असेल त्यांनी चहा घेऊन पुढे या. रथाचा फोटोही आहे. बोट मी ठेवीन.