३.२१ की ३.९२ : पिकअपच्या मागच्या एक्सलमधला हिशेब

(दृश्य : ॲरिझोना, स्टेट रूट ६८. भर दुपार. कडेला वाळलेली झुडपं, समोर काळपट डोंगर. एक पांढरा पिकअप उंच, चौकोनी ट्रेलर ओढत वर येतोय.)

निवेदन :

कोलोरॅडो नदीवरचं डेव्हिस धरण मागे टाकलं की रूट ६८ चढायला लागतो आणि सुमारे साडेअकरा मैल चढतच राहतो. सरासरी चढ पाच टक्क्यांचा, म्हणजे शंभर फूट पुढे गेलात की पाच फूट वर. खंबाटकी उतरून-चढून मुरलेल्या ड्रायव्हरला हा घाट वाटणारच नाही. वळणं बेताची, रस्ता रुंद. इथे छळतं ते ऊन, आणि चढ संपायचं नाव घेत नाही.

अमेरिकेत पिकअपच्या जाहिरातीत ‘इतके हजार पौंड ओढतो’ असं छातीठोक लिहिलेलं असतं. त्या आकड्याची परीक्षा या चढाला धरून होते. पूर्वी प्रत्येक कंपनी आपला आकडा आपणच ठरवायची, आणि साहजिकच तो शेजाऱ्यापेक्षा थोडा मोठा निघायचा. मग एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेनं २००८ मध्ये जे-२८०७ हे मानक काढलं. टोयोटानं ते २०११च्या मॉडेलपासून पाळलं. डेट्रॉइटच्या तीन मोठ्या कंपन्या (जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर) साधारण २०१५च्या मॉडेलांपर्यंत टाळाटाळ करत राहिल्या. अट अशी : बाहेर १०० अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, एसी फुल, ब्लोअर फुल, मागे पूर्ण वजन, आणि चढ संपेपर्यंत वेग ताशी ४० मैलांच्या खाली येता कामा नये. मागे दुहेरी चाकं असतील तर ३५ चालतो.

(दृश्य : दोन सारखेच रॅम १५०० शेजारी-शेजारी. कॅमेरा दोघांच्या खालून मागच्या एक्सलकडे सरकतो.)

आता हे दोन ट्रक बघा. दोन्ही रॅम १५००. ५.७ लिटरचं हेमी व्ही-८ इंजिन तेच, आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तोच. फरक फक्त मागच्या गोल हाउसिंगच्या आत. एकाच्या एक्सलचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेरीमागे शाफ्टच्या फेऱ्या, ३.२१, दुसऱ्याचा ३.९२. तेवढ्यावर कंपनीच्या तक्त्यात ओढायच्या वजनात साधारण ३००० पौंडांचा फरक पडतो, ३.९२ वाला जास्त ओढतो. जवळपास १,३५० किलो. नवा ट्रक मागवताना हा बदल करून घ्यायला काही वर्षांपूर्वीपर्यंत शे-दीडशे डॉलरच्या आसपास लागायचे, आणि तरी बहुतेक लोक त्या ओळीवरून नजर फिरवून सीटच्या रंगाकडे जातात.

(दृश्य : वर्कशॉप. स्टँडवर उघडा एक्सल. मेकॅनिकचे तेलकट हात.)

आत काय आहे ते जवळून बघू. गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलकडे जोर नेणारा दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. त्याच्या टोकाला छोटं दातेरी चाक, पिनियन, आणि त्याला भिडलेलं मोठं क्राऊन व्हील. जनरल मोटर्सच्या जुन्या एक्सलमधला एक नमुना घ्या. क्राऊनचे दाते ४१. पिनियनला ११ दाते असतील तर ४१ भागिले ११, रेशो ३.७३. पिनियनचा एक दाता कमी केला, १० ठेवले, की ४.१०. एक वाढवून १२ केले की ३.४२. म्हणजे हे सगळं प्रकरण पिनियनच्या एकेका दात्याचं आहे.

पण मग कंपन्या सरळ चाळीसला दहा, रेशो ४.००, असा गोळाबेरीज आकडा का ठेवत नाहीत? कारण ४० ला १० ने पूर्ण भाग जातो. पिनियनचा एक दाता दर फेरीला क्राऊनच्या त्याच चार दात्यांना भेटत राहील. एखाद्या दात्यावर टवका असला तर तो त्याच चौघांना खात बसेल. ४१ ही मूळ संख्या, त्यामुळे प्रत्येक दाता आळीपाळीनं सगळ्यांना भेटतो आणि झीज सारखी पसरते. ब्रोशरमधले ते विचित्र दशांश असे येतात.

(दृश्य : मेकॅनिक क्राऊनच्या चार-पाच दात्यांना ब्रशनं पिवळी पेस्ट लावतो, हातानं क्राऊन फिरवतो. पेस्टवर पिनियनचा लांबट ठसा उमटतो.)

रेशो बदलायचा तर काम हे असं. दात्यांना पिवळी पेस्ट लावायची, फिरवायचं, ठसा बघायचा. ठसा दात्याच्या मध्यावर हवा. माथ्याकडे गेला तर पिनियन क्राऊनपासून लांब राहिलंय, मुळाकडे उतरला तर जास्त आत घुसलंय. मग पुन्हा खोलायचं, शिम (अंतर जुळवणारी पातळ चकती) बदलायची, पुन्हा बांधायचं. दात्यांमधली मोकळीक, म्हणजे बॅकलॅश, डायल गेजवर साधारण ६ ते १० हजारांश इंच यायला हवी, मिलिमीटरमध्ये ०.१५ ते ०.२५. त्याहून घट्ट ठेवलं तर दाते तापून जळतात, त्याहून सैल ठेवलं तर दाते एकमेकांवर आपटत राहतात. फोर बाय फोर असेल तर हाच खटाटोप पुढच्या एक्सललाही करावा लागतो, कारण दोन्हीकडे रेशो वेगळे असले तर फोर बाय फोर लावल्याबरोबर मधली यंत्रणा पिळली जाते. वर्कशॉपचं बिल हजार डॉलरच्या पुढे सहज जातं. कंपनीतून येतानाच हवा तो एक्सल मागून घेणं किती स्वस्त होतं, हे बिल हातात पडल्यावर कळतं.

(दृश्य : १९७० च्या दशकातला शेव्हरोले पिकअप, जुना रंग उडालेला.)

‘ट्रेलर ओढायचाय? मग ४.१० घे. हायवेला पळवायचाय? मग ३.०८.’ हा सल्ला अमेरिकेत बापाकडून पोराकडे जातो, आणि तो ज्या ट्रकसाठी जन्मला तो हा समोरचा. याच्यात तीन गिअरचा टर्बो-हायड्रामॅटिक ४००. पहिला गिअर २.४८, दुसरा १.४८, आणि टॉप एकास एक. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिनला कमी फेऱ्यांत पळवणारा एकाहून छोटा गिअर, नाही. ३० इंची टायर धरा, वेग ताशी ६५ मैल. ४.१० च्या एक्सलवर इंजिन मिनिटाला जवळपास ३००० फेरे मारतं, ३.०८ वर २,२५० च्याही आत येतं. फरक साडेसातशे फेऱ्यांच्या घरात. दिवसभर हायवे चालवला तर कान बधिर आणि खिसा हलका. त्या काळात मागच्या एक्सलचा आकडा म्हणजे ट्रकचं अख्खं नशीब होतं, कारण गिअरबॉक्सकडे द्यायला दुसरं काही नव्हतं.

आता रॅमचा आठ गिअरचा डबा घ्या. पहिला गिअर ४.७१, आठवा ०.६७. सुटताना चाकाला किती जोर मिळतो, हे पहिल्या गिअरला एक्सलच्या रेशोनं गुणलं की कळतं. जुन्या शेव्हरोलेत २.४८ गुणिले ४.१०, उत्तर १०.२. नव्या रॅममध्ये, अगदी मवाळ समजल्या जाणाऱ्या ३.२१ वरसुद्धा, १५.१. म्हणजे आजचा ‘ॲव्हरेजवाला’ एक्सल कालच्या ‘ओढणाऱ्या’ एक्सलपेक्षा दीडपट गुणाकार देतो. ३.९२ असेल तर १८.५.

हायवेवर? टायर ३२ इंची, वेग ६५, आठवा गिअर. ३.२१ वर इंजिन १,४७० च्या आसपास फिरतं, ३.९२ वर १,८०० च्या जरा खाली. फरक सव्वातीनशे फेऱ्यांचा. साडेसातशेचे सव्वातीनशे झाले. जुना सल्ला चुकीचा नव्हता, पण त्याच्यातली हवा निम्म्याहून जास्त गेलीय, आणि दुकानदार तो अजून जुन्याच तावात सांगतात.

(दृश्य : पुन्हा रूट ६८. डॅशबोर्डवर टॅकोमीटर आणि गिअरचा आकडा.)

खरी गंमत ट्रेलर जोडल्यावर आहे. ट्रक ६ हजार पौंडांचा, ट्रेलर १० हजारांचा. मिळून १६ हजार, म्हणजे सव्वासात टन. एवढं वजन पाच टक्के चढावर ताशी ४० मैलांनी न्यायला नुसतं वर उचलण्यासाठीच चाकांशी सुमारे ८५ अश्वशक्ती लागते. वारा आणि टायरचं घर्षण वेगळं. एक्सलमध्ये कोणते दाते आहेत याची या ८५ ला काही पडलेली नाही. तेवढी ताकद इंजिननं द्यायची, आणि ती द्यायला त्याला ठरावीक फेऱ्यांवर जावंच लागतं.

ट्रेलर घेऊन ६५ च्या वेगानं जाताना ३.९२ वाला ट्रक सातव्या गिअरवर स्थिरावला असं धरा. सातवा म्हणजे ०.८४, गुणिले ३.९२, ३.२९. त्याच वेगाला, त्याच वजनाला ३.२१ वाल्याला सातवा झेपत नाही, तो सहाव्यावर येतो. सहावा एकास एक, म्हणून गुणाकार ३.२१. इंजिनचे फेरे एकात २,२५० च्या जवळ, दुसऱ्यात २,१९०. फरक फक्त डॅशबोर्डवरच्या गिअरच्या आकड्यात. चढावर दोन्ही इंजिनं जवळपास सारखीच गरगरतात आणि जवळपास सारखंच पेट्रोल पितात.

तसं असेल तर तक्त्यातले ते ३००० पौंड कुठून आले? थोडे सुटण्यातून, थोडे उष्णतेतून.

जे-२८०७ मध्ये आणखी एक परीक्षा आहे. १२ टक्के चढावर पूर्ण वजनासह थांबायचं, मग सुटून १६ फूट वर जायचं. पाच मिनिटांत पाच वेळा. नंतर हेच रिव्हर्समध्ये. बोट रॅम्पवरून पाण्याबाहेर काढणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगायला नको. पहिल्याच्या खाली गिअर नसतो, तिथे सहाव्या-सातव्याची अदलाबदल करून भागत नाही. १५.१ आणि १८.५ मधला बावीस टक्के फरक तिथे पूर्णच्या पूर्ण अंगावर येतो.

आणि उष्णता. चाकाला तेवढाच जोर द्यायचा असेल, तर ३.२१ मध्ये गिअरबॉक्सला आणि प्रोपेलर शाफ्टला जास्त पिळावं लागतं, कारण शेवटचा गुणाकार छोटा आहे. त्यात हलक्या चढउतारांच्या रस्त्यावर गिअरबॉक्सचा निर्णय होत नाही : आठवा, सातवा, सहावा, पुन्हा सातवा. इंजिन आणि गिअरबॉक्सला तेलातून जोडणारा टॉर्क कन्व्हर्टर असतो; दर वेळी त्याचं लॉक सुटलं की तेल घुसळतं, तापतं. गिअरबॉक्स ज्यानं मरतो ते वजन नव्हे, हे तापलेलं तेल. ‘टो-हॉल’चं, म्हणजे ओझं ओढताना गिअरची ही सततची अदलाबदल आवरणारं, बटण याच कारणासाठी दिलेलं असतं, आणि ते न दाबता चढ चढणारे महाभाग प्रत्येक कॅम्पग्राउंडवर भेटतात.

(दृश्य : पेट्रोल पंप. मीटर पळतंय.)

आता ॲव्हरेज. ट्रक रिकामा असेल तर छोटा रेशो खरोखर पैसे वाचवतो. फेरे कमी म्हणजे इंजिनच्या आतलं घर्षण कमी; आणि तेवढीच ताकद कमी फेऱ्यांवर काढायची तर थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, जास्त उघडा राहतो, इंजिनला हवा ओढायला धापा टाकाव्या लागत नाहीत. पण किती वाचतं? शेव्हरोलेनं २००९ मध्ये सिल्व्हराडोची एक्सएफई नावाची खास काटकसरी आवृत्ती काढली होती. ३.०८ चा एक्सल, कमी घर्षणाचे टायर, खाली बसवलेलं सस्पेन्शन, अॅल्युमिनियमचे भाग, सगळं एकत्र. सरकारी आकडा शहरात गॅलनला १४ मैलांवरून १५ झाला, हायवेला २० वरून २१. आपल्या भाषेत हायवेला लिटरमागे साडेआठ किलोमीटरचे जेमतेम नऊ. इतके सगळे उपाय मिळून हा एक मैल, तर त्यात एकट्या एक्सलचा वाटा किती असेल ते बघा.

ट्रेलर जोडला की तोही हिशेब वाऱ्यावर जातो. उंच सपाट तोंडाचा कॅम्पर मागे असला की ॲव्हरेज निम्म्यावर येणं नेहमीचंच. तिथे ७० चा वेग ६० वर आणलात तर वाऱ्याचा रेटा चौथा हिस्सा कमी होतो. कोणताही रेशो तेवढी बचत देत नाही, आणि याला पैसेही पडत नाहीत.

त्यामुळे आमचं मत विचाराल तर, जो ट्रक वर्षातून दोनदा लॉनमोवर ओढतो त्याला ३.२१ पुरे. दर शनिवारी बोट किंवा घोड्यांचा ट्रेलर असेल तर ३.९२ घ्या, रिकामं चालवताना थोडं पेट्रोल जास्त जाईल, ते जाऊ द्या. त्याच्या बदल्यात गिअरबॉक्स टिकतो.

(दृश्य : जुन्या गाड्यांचा बाजार. उघडा ग्लोव्हबॉक्स, मग दाराच्या चौकटीवरचं स्टिकर.)

जुना ट्रक घेताना विक्रेत्याला विचारू नका, त्याला बहुधा माहीत नसतं. जनरल मोटर्सच्या बऱ्याच जुन्या ट्रकांत ग्लोव्हबॉक्समध्ये कोडांचं स्टिकर असतं : जीयू-६ म्हणजे ३.४२, जीटी-४ म्हणजे ३.७३, जीटी-५ म्हणजे ४.१०. फोर्ड एफ-१५० मध्ये दाराच्या चौकटीवर एक्सलचा कोड असतो. १९ किंवा एल-९ दिसलं तर ३.५५.

स्टिकर फाटलेलं असेल तर खडू घ्या. पुढची चाकं ठोकळ्यांनी अडवा, मागची दोन्ही स्टँडवर उचला, गिअर न्यूट्रलला. टायरवर एक खूण, प्रोपेलर शाफ्टवर एक खूण. एक्सल लॉक होणारा, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा, असेल तर दोन्ही चाकं मिळून एक फेरी फिरवा आणि शाफ्टच्या फेऱ्या मोजा. पावणेचारला जरासं कमी पडलं तर ३.७३. साधा डिफरेन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारा, असेल तर एक चाक धरून ठेवा आणि दुसरं दोन फेऱ्या फिरवा. उत्तर तेच येतं.

आणि आधीच्या मालकानं रुबाबासाठी ३२ च्या जागी ३५ इंची टायर चढवलेले असतील, तर आलेल्या आकड्याला ३२ नं गुणून ३५ नं भागा. मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, म्हणून ३.७३ चा ट्रक रस्त्यावर ३.४१ सारखा वागतो. ३.२१ चा तर २.९३ वर येतो. त्याच्यामागे दहा हजार पौंड लावायचे असतील, तर किंमत ठरवताना त्यात नव्या क्राऊन-पिनियनचा खर्च धरा.